दुसरा पंच

"आंधी वाचून दाखवा, गुरुजी. मंग आंगठा."

शाईत टेकवलेला डावा अंगठा हवेत धरून तो उभा राहायचा. शेवटचं अक्षर वाचून होईपर्यंत तो अंगठा खाली येत नसे. तुमच्याही गावात असा एखादा निरक्षर वकील असेल. आमच्याकडे हा होता.

मी शाळामास्तर, आणि त्याचं घर माझ्या अंगणासमोर. त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. लग्नपत्रिकासुद्धा तो पूर्ण वाचून घ्यायचा, छापखान्याच्या नावासकट.

पोटासाठी तो मासे धरायचा. पण रोहण्यापासून आष्टीपर्यंत कुणी विहिरीत पडलं की बोलावणं त्यालाच. पाण्यात उतरण्याआधी काठावरून हाक द्यायचा, "चाल बाप्पा, घरी जाऊ." बाई असली तर "चाल माय." वर आणल्यावर आधी प्रेतावर स्वतःचा दुपट्टा पांघरायचा, मगच लोकांना जवळ येऊ द्यायचा. एकदा पंचायतीनं त्याला सन्मानपत्र दिलं. 'अथांग सागरात' असं काहीतरी त्यात मीच लिहिलं होतं.

"सागर कुठी हाय इथं? मी इहिरीत उतरतो. खोडा ते."

भर सभेत खोडावं लागलं. लोक हसले, मीही हसलो. मनातून मात्र चिडलो होतो.

मग बाजारामागच्या विहिरीत ती शिवणकाम करणारी बाई सापडली. एकटी राहायची. अर्ध्या गावातल्या पोरींचे शाळेचे झगे तिनंच शिवलेले. तिला वर काढलं ते यानंच. पंचनाम्याला दोन पंच हवे होते. एक मी, दुसरा तो.

"मानेभोवती दोरीची खूण हाय. बोटभर रुंद. डाव्या कानाखाली जास्त. लिहा ते," तो पोलीस जमादाराला म्हणाला. जमादार मान हलवत लिहीत राहिला. कागद माझ्या हातात आला तेव्हा त्यात होतं: पाय घसरून पाण्यात पडली, अंगावर खुणा नाहीत.

मी जमादाराकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. "वाचा ना मास्तर, गाडी उभी हाय."

समोर अंगठा हवेत. आहे ते वाचलं तर हा अंगठा देणार नाही, आणि मग मलाही काहीतरी बोलावं लागेल, एवढं मला लख्ख दिसलं. मी वाचलं. मानेभोवती दोरीची खूण, बोटभर रुंद, डाव्या कानाखाली जास्त. कागदावर नसलेलं वाक्य मी सरकारी भाषेत, न अडखळता वाचलं. त्यानं अंगठा उमटवला आणि खाली मी सही केली. खोटं बोलू नये म्हणून मी जन्मभर पोरांना छड्या मारल्या. त्या पोरांसमोर उभं राहायची आजही लाज वाटते.

बाई कशी मेली ते बाहेर आलंच नाही. गावानं दोन महिने कुजबुज केली, मग सगळे आपापल्या कामाला लागले. तो मात्र पानठेल्यावर निर्धास्तपणे सांगायचा, "कागदात हाय सारं. गुरुजीनं वाचून दाखोलं मले." मी पानठेल्यावर जाणं सोडलं.

तीनेक वर्षांनी बाईची म्हातारी आई हिंगणीहून आली. तो तिला थेट माझ्या ओसरीवर घेऊन आला.

"सांगा गुरुजी, या मायले. कागदात काय लिवलं हाय ते."

"मला... आठवत नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, कळलं याला. पण त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. "वय झालं गुरुजीचं," तो म्हातारीला हळूच म्हणाला. "होते असं." आणि जाताना माझ्या सुनेला सांगून गेला, "गुरुजीले जपजो, बाई."

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी यायला लागला, मला आठवण करून द्यायला. खुणेची रुंदी सांगायचा, स्वतःच्या मानेवर बोट ठेवून जागा दाखवायचा. "माह्या मांगं तुमालेच सांगा लागन," म्हणायचा. मी ऐकून घ्यायचो. एकदा म्हणाला, "आता तुमी सांगा." मी सगळं सांगितलं, एक शब्द न चुकता. त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला.

गेल्या पोळ्याच्या सुमारास तो वारला. जे कागदात नाही, ते आता फक्त मला पाठ आहे. म्हातारी अजून आहे म्हणतात. हिंगणीला जायचं तर वर्ध्यात एकदा एस.टी. बदलावी लागते, एवढंच. मी गेलेलो नाही.