मावशीच्या विहिरीसाठी मिरजगावच्या दोन फेऱ्या

"तू बीएस्सी हायेस ना? मग माझ्या विहिरीचं पाणी तपासून दे." मावशीचा फोन आला तेव्हा मी नगरला ऑफिसात होते. मिरजगावच्या पुढे सीनेकाठी तिची वस्ती. सगळी वस्ती तिच्याच विहिरीवर पाणी भरायची. मग काही घरांत जुलाब झाले, कुणीतरी विहिरीचं नाव घेतलं आणि बायका रिकामे हंडे घेऊन तिच्या बांधावरून पुढे जाऊ लागल्या. "माझं पाणी घाण म्हन्तेत. कागद आन. दारावर लावते."

मी रजा टाकली. निकाल चांगलाच येणार, हे मी तपासणीआधीच ठरवून टाकलं होतं. ते आज कबूल करते.

कुणाला असं जायचं असेल तर बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या आणि नमुने कोणत्या दिवशी घेतात ते आधी विचारा. बाटली निर्जंतुक असते. आत चिमूटभर पांढरी पूड दिसते, ती तशीच राहू द्यायची. भरलेली बाटली बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी परत. नगरहून सोलापूर रस्त्याने स्कूटीवर मला दीड तास लागला, त्यात रुईछत्तिशीचा चहा धरलेला आहे. मिरजगावात गरम भजी मिळतात, पण बेताने खा, कारण पुढचा कच्चा रस्ता पोटातलं सगळं हलवतो.

विहिरीवर शेजारचे तात्या आधीच हजर. त्यांचीही पुढच्या बांधाला विहीर. "कशाला ताप करता, ताई? जंतू मारायची मूठभर टीसीएल पावडर टाकू. तासाभरानं बाटली भरा. पास!"

"तात्या," मावशी कडाडली, "पेपर फोडून पास व्हायचं असतं तर मी बी मॅट्रिक झाले असते!"

मी हसत बाटली सोडायच्या दोरीला दगड बांधायला वळले. परत बघते तर मावशीने बाटली उघडून हंड्यातल्या पाण्याने तीनदा विसळली होती आणि पदराचं टोक आत घालून पुसत होती.

"मावशी, ती विसळायची नसते!"

"पावन्याला पानी देताना तांब्या विसळतेत. ही तर सरकारात जायची."

ती इतकी खुशीत होती, की मला पुढे बोलवेना. बाटली भरली, डब्यात ठेवली, निघाले. कुणाला कळणार होतं? पण वाटभर तो पदर डोळ्यांपुढून हलेना. निकाल वाईट आला तर दोष पदराचा की विहिरीचा? आणि चांगला आला तर माझा तरी त्यावर विश्वास बसेल का? रुईछत्तिशीला गाडी थांबवून मी बाटली रस्त्याकडेला ओतून टाकली.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली, तोच रस्ता. मावशीला खरं सांगितलं.

"काल तोंडात जीभ न्हवती?" एवढंच म्हणून ती हात पाठीमागे बांधून दूर उभी राहिली. मी बाटली विहिरीत सोडली, भरली, झाकण लावलं. तोवर तिने हात सोडले नाहीत.

काही दिवसांनी अहवाल आला. पिण्यास अयोग्य. पाण्यात जंतू.

फोनवर सांगताना माझाच आवाज पडला. "पुन्हा तपासू या का?"

"दोनदा आलीस, बास. मोठ्यानं वाच." मी वाचलं. "बरं. फोटो तात्याच्या मोबाईलवर टाक."

परत आल्यापासून एक गोष्ट मला टोचत होती. घरी फिल्टर आहे म्हणून मी स्वतःची टाकी कधी तपासलीच नव्हती. शहाणपणा मात्र सीनेकाठी जाऊन केला. काल प्रयोगशाळेत दोन बाटल्या सांगून आले, एक माझ्या टाकीसाठी. दुसरी का, ते मावशीला वयनी म्हणणाऱ्या तात्यांच्या निरोपात आहे: "वयनी ऐकनात. आता माझ्या बी विहिरीसाठी बाटली आना म्हन्त्यात."

निरोपासोबत फोटो होता. विहिरीच्या काठावर पत्र्याची पाटी, रंग अजून ओला. अक्षरं मावशीची, वेडीवाकडी:

"हे पानी पिऊ नये. मी तपासलं हाय. तुमी?"