नानांच्या मुंबईतली कोरी दुपार

मुंबई पाहिलेली माणसं लाखांनी असतील, पण मुंबई तोंडपाठ असलेला माणूस मला एकच माहीत आहे. तो धुळ्याला देवपुरात छापखाना चालवतो आणि गेल्या वर्षापर्यंत त्याने मुंबईत पाऊलही ठेवलं नव्हतं. सगळे त्यांना नाना म्हणतात. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह हवं म्हणून आमची समिती तीन वर्षं भांडते आहे आणि आमची पत्रकं नानाच छापतात. नानांना कागदावर रिकामी जागा बघवत नाही. 'अजून किती सहन करायचं?' असा जाडजूड मथळा मी लिहून दिला, तर त्याच्या एका बाजूला कमळ आणि दुसऱ्या बाजूला समई उगवली. मी तणतणत गेले. म्हटलं, "नाना, हे संतापाचं पत्रक आहे, साखरपुड्याचं नाही." नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "संताप असू दे ना. पण कागद उघडा कशाला ठेवायचा?"

मुंबईला जाणारा माणूस आधी नानांच्या छापखान्यात जातो. लग्नपत्रिकेचा मजकूर द्यायला आलेली माणसं दोन दिवसांच्या मुंबईचा आराखडा खिशात घालून बाहेर पडतात. हे ज्ञान नानांनी परतलेल्या लोकांची उलटतपासणी घेऊन जमवलं. काय पाहिलं यात त्यांना रस नसतो. सावली कुठल्या बाजूला होती, रांग किती वाजता सरली, पुरी टम्म आली की बसकी, हे हवं असतं. एका नव्या जोडप्याला त्यांनी समुद्रासाठी बारा मिनिटं लिहून दिली होती. मुलगा कुरकुरला, तर म्हणाले, "समुद्र बारा मिनिटांत कळतो. पुढे तो तेच तेच करतो." ते दोघं किनाऱ्यावर दोन तास बसले आणि परत येऊन नानांना खोटं सांगितलं. जेवणाचं तर विचारूच नका. प्रत्येक हॉटेलाला एक पर्यायी हॉटेल, आणि ते बंद निघालं तर पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. "तठे बठ्ठं भेटस," नाना अहिराणीत बजावतात, "तिखट नही." म्हणजे तिथे सगळं मिळतं, तिखट तेवढं नाही.

छापखान्याच्या मागेच घर. तिथे अक्का, म्हणजे नानांची बायको. ज्याची ज्याची पत्रिका छापली, त्याने त्याने अक्कांच्या हातचा चहा घेतला आहे. एकदा मी मजकूर तपासत बसले होते. अक्का कप ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "मला एकदा मुंबईच्या हाटेलात जेवायचंय गं. समोर हे, इकडे मी. वाढणारा तिसराच कोणीतरी. गुडघे चालू देतात तोवर." एवढंच बोलून त्या आत गेल्या. माझं डोकं फिरलं. चौतीस वर्षांच्या संसारात ही बाई हॉटेलात गेली ती कायम अख्ख्या भावकीबरोबर, आणि तिथेही शेवभाजीचं भांडं हिच्याच हातात. सगळ्यांची ताटं भरायची, मग गार झालेलं आपण खायचं. कोणी सांगितलं होतं का? नाही. कोणी थांबवलं का? तेही नाही.

मी नानांना सरळ विचारलं, "अख्खं देवपूर मुंबईला धाडलंत. बायकोला न्यायला मी मोर्चा काढू का?"

कागद कापणारे सलीमभाई यंत्रावरून म्हणाले, "काढ बेटी. पत्रकं कापायला मी आहे."

नाना कबूल झाले. पण कबूल होणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. मी म्हटलं, "तोंडी नको. छापा, चार लोकांत वाटा. जाहीर केलेलं मागे घेता येत नाही." हे समितीने मला शिकवलेलं पहिलं सूत्र. घोटाळा इथेच झाला, आणि तो माझा.

नानांचा हात तीस वर्षं लग्नपत्रिकेच्या एकाच मांडणीवर बसलेला. वर कुलस्वामिनी प्रसन्न, मध्ये वेळेसकट कार्यक्रम, चौकटीत 'भोजन : दुपारी एक', खाली 'आपले नम्र' म्हणून दोघांची नावं, आणि जागा मिळेल तिथे कमळं. अकरा ठिकाणांच्या त्या कार्यक्रमात स्वच्छतागृहाला एकही मिनिट नव्हतं. मी भांडून दिवसाला तीन वेळा घालून घेतल्या, तर नानांनी त्यांनाही वेलबुट्टी काढली. आमच्याकडे पत्रिका पक्की होण्याआधी कच्चा कागद भाऊबंदांत फिरतो, कुणाचं नाव राहू नये म्हणून. नानांनी सवयीने एक कागद जळगावला मेहरूणला राहणाऱ्या आपल्या बहिणीकडे धाडला आणि एक शिंदखेड्याच्या पुतण्यांकडे.

ठरल्या रात्री मी पोचवायला गेले. स्टेशनवर दोघं असायची, तर चौदा माणसं उभी. बहीण, मेहुणे, पुतणे, सुना, पोरंटोरं, डबे, सतरंजी. बहिणीने कागद पुढे धरला. "भाऊ, पत्रिका उनी, मंग येनंच पडस ना."

पत्रिका आली की यावंच लागतं, हे खरंच. जेवणाची वेळ छापून पाठवायची आणि आलेल्याला परत धाडायचं, हे आमच्याकडे होत नाही. अक्कांनी नणंदेच्या हातातला सगळ्यात जड डबा सवयीने आपल्या हातात घेतला. ते मला बघवलं नाही. मीही तिकीट काढलं. आग लावणाऱ्याने निदान बादली घेऊन हजर असावं.

सकाळी मुंबईला उतरल्यावर नानांनी सगळ्यांना गोळा केलं, डबा अक्कांच्या हातातून काढून पुतण्याकडे दिला आणि तो छापील कागद बहिणीच्या हातात ठेवला. "बेबी, तू पुढे हो. सगळं यात शे. एक मिनिट इकडचं तिकडे झालं तर मला तोंड दाखवू नको." बेबीआत्याला अशी जबाबदारी जन्मात मिळाली नव्हती. तिने आम्हाला अकरा ठिकाणं अशी फिरवली, की तेराव्या मिनिटाला समुद्रावरून ओढून काढलेली पोरं रडत होती. पहिल्याच ठिकाणी माझ्या लक्षात आलं होतं, दोन माणसं कमी आहेत. मी कुणाला सांगितलं नाही. तोंड मिटून बसण्याचं पुण्य माझ्या नावावर एवढं एकच.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी अक्कांशेजारी जागा धरली. अक्का सांगू लागल्या. आदल्या दुपारी कुठल्याशा गल्लीतल्या हॉटेलात ती दोघं शिरली होती. ते नानांच्या एकाही यादीत नव्हतं, पाटीसुद्धा त्यांनी वाचली नाही. वाटी आल्याबरोबर अक्कांचा हात पळीकडे गेला. नानांनी वाढप्याला हाक मारली आणि म्हणाले, "तुम्ही वाढा. त्या आज पाहुण्या आहेत."

"मग काय काय खाल्लंत?" मी विचारलं.

अक्कांनी बराच विचार केला. "ते नाही आठवत. पण एकदाही उठले नाही."

"आणि समुद्र?"

"सांजपर्यंत बसलो होतो. बारा मिनिटांत नाही कळत म्हणाले."

त्याला आता वर्ष होत आलं. अक्कांचे गुडघे आता उंबऱ्यापलीकडे फारसं येऊ देत नाहीत. छापखान्यात नानांच्या समोर त्यांची खुर्ची असते आणि चहा नाना करतात, वाईट करतात. आमची मागणी अजून मान्य झालेली नाही आणि माझ्या पत्रकांवर कमळं उगवतातच. मुंबईचे आराखडेही निघतात, मिनिटामिनिटाचे. पण परवा एक ताजा आराखडा मी हातात घेतला, तर दुपारी एकच्या पुढची मोठी चौकट नुसतीच कोरी. हॉटेल नाही, ठिकाण नाही, कमळही नाही.

"नाना, इथे जागा राहिली," मी म्हटलं.

नानांनी कागद हातात घेतला, अक्कांकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसत बसले.

"राहू दे," म्हणाले.