पहिल्या फाइलवरचं नाव

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या आमच्या ऑफिसात होतो. सकाळी छातीत दुखलं, वाशीमला नेईपर्यंत संपलं… त्यांची मुलगी नाझिया रडत सांगत होती, आणि माझ्या मनात दुःखाच्याही आधी एक लाजिरवाणा विचार आला : आता ते कुणालाच कळणार नाही. महिना झाला. ते सांगायलाच लिहितोय.

आम्ही दोघं जिल्ह्यातल्या रक्तदात्यांच्या यादीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. मी नवा होतो, चाळिशीत कशीबशी लागलेली नोकरी. एका दुपारी चालू डेटाबेसमधला एक रकाना निरुपयोगी समजून, कुणाला न विचारता, मी थेट उडवला. त्यात गावोगावचे फोन नंबर होते, आणि बॅकअप कित्येक महिन्यांचा जुना. "कोणी केलं?" आमच्या साहेबांनी, सरांनी आवाज चढवला. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. सलीमभाई म्हणाले, "माह्या हातून झालं, सर."

बाहेर टपरीवर मी विचारलं, "तुमी काहून घेतलं अंगावर?"

"तुले काढलं असतं बे. मले कोन काढते? तो प्रिंटर माह्याशिवाय कोनाचं आयकते काय?" ते हसले. "उद्यापासून नंबर आनाले गावोगाव जा लागते, पयले इंझोरीले. चाल संगं."

पुढचे दोन महिने सुट्टी झाली की ते मोटारसायकलवर गावं फिरून नंबर पुन्हा गोळा करत. वाशीमजवळच्या मालेगावात एका दात्यानं ऐकवलं, "भाई, रक्त घेता तं घेता, नंबरबी सांभाळता येत नाही काय?" मी मागच्या सीटवर होतो.

मग त्यांनी शिस्त लावली. रचनेतला प्रत्येक बदल क्रमांक घातलेल्या छोट्या फाइलमध्ये लिहायचा, त्याला मायग्रेशन म्हणतात. दुसऱ्यानं वाचून मंजूर केली तरच ती चालवायची. एकदा चाललेली फाइल खोडायची नाही, चुकली तर दुरुस्तीची नवी लिहायची. पहिली फाइल तो रकाना परत आणणारी होती. तिच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'चूक : सलीम'. मी ती वाचली. आणि मंजूर केली.

गेल्या आठवड्यात मी नवी फाइल लिहिली. बदल काहीच नाही, नुसता शेरा : पहिल्या फाइलमधली चूक माझी होती. वाचून मंजूर करणारा म्हणून सॉफ्टवेअरनं नेहमीसारखं सलीमभाईंचंच नाव लावलं. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मंजुरीला माझं नाव टाक." पण त्यासाठी आधी सलीमभाईंचं काढावं लागतं… त्यांचं आणखी काही पुसायला हात धजत नाही. म्हणून आधी इथे, छापून सांगतोय. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की त्या नव्या फाइलवर त्यांच्या नावापुढे दिसतं : वाचणं बाकी.