वारलू डायवरचा उंच ट्रक

वारलू डायवरला राग येत नसे. तो रागातच राहायला होता. जेवायला, झोपायला आणि गाडीत तेल घालायला तेवढा बाहेर येई. अहेरीच्या बाजारात कुणी त्याच्या ट्रकला नुसती पाठ टेकली तरी आतून आवाज यायचा, "हे काय तुह्या मामाची भिंत होय काबे?"

लढाईच्या दिवसांत तो सैन्यात होता. ब्रह्मदेशाच्या चिखलात चारही चाकांना जोर देणारे ट्रक चालवून आलेला माणूस. लढाई संपली, ते ट्रक लिलावात निघाले, आणि अहेरीच्या बापूजी ठेकेदारांनी त्यातला एक उचलला. बापूजींची समजूत अशी, की आपण ट्रक घेतला आणि त्यावर डायवर ठेवला. वारलूची समजूत अशी, की ट्रक त्याचाच, बापूजी फक्त सही करायला मध्ये आले.

त्या उन्हाळ्यात या दोन समजुतींची गाठ पडली. कोसमटोल्याच्या नाल्यापलीकडे तोडलेला साग पडून होता. बापूजींनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "वारलू, पावसाआधी सारा माल अलीकडे आला पायजे. नाई आला, तं गाडी विकतो. नागपूरचा माणूस पाहून गेला."

"पाहून गेला? मले न इचारता?" वारलू किंचाळला. घरातल्या लेकीला कुणी परस्पर पाहून जावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

आता नाल्याची अडचण अशी. उतार एकाच जागी, दोन्ही बाजूंना उभे काठ. आणि त्या उताराच्या बरोबर मध्ये कोसमटोल्याच्या गोंडांचा देव. देव म्हणजे बसल्या बैलाएवढा धोंडा, पण वाळूत पुरलेला; वीतभर माथा तेवढा वर, त्याला शेंदूर. ट्रक त्याला दोन चाकांच्या मध्ये घेऊन जायचा. रिकामा असला की सुखाने जायचा. पण पहिल्याच भरलेल्या खेपेला ट्रकचं पोट देवाच्या माथ्याला घासलं आणि शेंदूर गिअरपेटीला लागला.

लाकडं भरणारी माणसं कोसमटोल्याचीच. त्यातला झाडू नावाचा गडी काठावर उभा होता. त्याने जिभेने च्‌ केलं, म्हणाला, "देवाले लागलं," आणि दोर खाली ठेवून बसला. बाकीचेही बसले. त्या दिवशी कुणी ओंडक्याला हात लावला नाही.

वारलू भडकला. देवावर नाही, स्वतःच्या गाडीवर. झाडीपट्टीत भाताच्या बांधावर वाढलेला माणूस. दुसऱ्याचा देव असला म्हणून काय झालं, त्याच्या डोक्यावर तेल गळणारी पेटी घासायची? आणि माणसं बसून राहिली तर माल निघणार कसा? त्याने गाडी अहेरीला आणली, सागाचे ठोकळे तासले, चाकांचे आस आणि वरच्या कमानीचे पाटे यांच्या मध्ये ते घातले, लांब बोल्ट आवळले, आणि सारा ट्रक वीतभर वर उचलला. अहेरीत बाभूळ, ऐन, धावडा सगळं मिळतं. पण आमच्याकडे कशाखाली काही द्यायचं झालं, की माणसाचा हात सागाकडेच जातो. फॉरेस्ट गार्डाने ठोकळ्यांचा परवाना विचारला, त्याला वारलूने दिलेलं उत्तर इथे छापता येण्यासारखं नाही.

ट्रक काय दिसायला लागला! वारलूला आता रेंजर साहेबाच्या जीपचं टप वरून दिसायचं. आणि देव? देवाच्या माथ्यावरून ट्रक असा अलगद गेला, की शेंदराचा कणही हलला नाही. काठावर कोसमटोल्याच्या बाया लेकरं घेऊन पाहायला उभ्या.

मग क्रॉस तुटला.

गिअरपेटीपासून मागच्या आणि पुढच्या चाकांकडे एकेक लोखंडी दांडा फिरत जातो, तो शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे, आणि सांध्यात अधिकच्या खुणेसारखा एक तुकडा, तो क्रॉस. शाफ्ट जवळपास आडवा असेल तोवर क्रॉसला काही होत नाही. आता गाडीचं अंग वर गेलं, आस जिथल्या तिथे राहिला, आणि शाफ्ट विहिरीत डोकावणाऱ्या माणसासारखा खाली वाकला. मान वाकडी करून कुणाला पखाल वाहायला लावावी, तशी त्या सांध्यांची गत झाली. गाडी चालली की खालून घरघर, बसणाऱ्याचे दात वाजायचे. पुढचा शाफ्ट तर एकात एक सरकणारा. उंची वाढल्यावर तो आपल्या म्यानात जेमतेम टेकलेला. चाक खड्ड्यात उतरलं की निसटून लोंबायचा, आणि नाल्याच्या वाळूत पुढच्या चाकांचा जोर नेमका हवा तेव्हाच जायचा.

अहेरीच्या पानठेल्यावर मग विद्वानांची सभा भरू लागली. "वारलूभाऊ, ठोकळे काहाडून टाका ना."

"मले मालूम नाई काय?" वारलू गरजायचा. "पलटनीत शाफ्ट मीच शिकवत होतो! शाफ्ट वाकला का क्रॉस जाते, हे बी मालूम हाय. पण तुमी त्याइच्या देवाले ठोकणार काय? गडी पुन्हा बसले, तं खेपा काय तुमी मारणार?"

प्रत्येक वेळी तो एसटीच्या टपावर बसून चांद्याला जायचा, क्रॉस आणायचा, आणि गाडीखाली पाठीवर निजून बसवायचा. त्याची बायको शकुबाई भाकरीचं गाठोडं गाडीखाली सरकवत म्हणायची, "अजी, त्या देवानं तुमाले काई सांगितलं तरी का?"

"तू चूप राय वं! देव कुठी सांगत असते काय?"

मृग जवळ आला. आभाळ दक्षिणेकडून, सिरोंच्याच्या अंगाने, काळं होऊ लागलं. पलीकडे अजून सर्वांत जाड ओंडके पडले होते आणि वारलूच्या पेटीत एकच क्रॉस उरला होता. त्याने ट्रक भरला आणि नाल्यात घातला. बरोबर देवाच्या वर आल्यावर खालून फटाका वाजला. मागचा शाफ्ट एका बाजूने सुटला, पण फिरायचा थांबला नाही. गरगरत त्याने वाळू उडवली, दगड उडवले, आणि शेवटी फाडकन देवाच्या माथ्यावर बसला.

वारलूने इंजिन बंद केलं. खाली उतरून वाकून पाहिलं. देवाच्या माथ्याचा टवका उडाला होता.

तो तिथेच वाळूत उभा राहून देवाला बोलू लागला. "तुह्यासाठी गाडीची कंबर मोडली! तुह्यासाठी चांद्याचे हेलपाटे! आन तू माह्याच शाफ्टाखाली डोस्कं देतं? आता गाडी जाईन नागपूरले, मंग बस एकटाच!"

कोसमटोल्याचा म्हातारा बुधू, जो या देवाचं सारं पाहायचा, काठावर उकिडवा बसून ऐकत होता. वारलू दमल्यावर तो म्हणाला, "डायवर, नवस फिटला काय तुहा?"

"कायचा नवस?"

"देवाच्या वरून गाडी नेतो म्हून बोलला होता नं तू? आमी तेच समजलो. बाया पाहाले येत होत्या."

"अन् तुमी? तुमी त्या दिवशी काम टाकून बसले ते?"

"देवाले लागलं का त्या दिशी हत्यार धरत नाई. दुसऱ्या दिशी धरतो. तू दुसऱ्या दिशी आलाच कुठी? तू गेला अहेरीले."

"मंग हा देव हालत असते काय इथून?"

"त्याले इचारा लागते. तू त्याले इचारलं नाई, मले बी इचारलं नाई." बुधूने विडी झटकली. "माह्या बापाच्या वेळी तो त्या मोहाखाली होता. पुरात खाली आला."

यानंतर वारलू जे बोलला त्याने झाडावरचे बगळे उडाले; पण बुधूने तेवढ्यात माणसं आणि एक कोंबडी मागवली होती. देवासमोर पानावर तांदूळ ठेवले. कोंबडीने टिपले तर देव राजी. कोंबडी सोडली, आणि तिने पाय जमिनीवर टेकायच्या आत दाणे टिपायला सुरुवात केली.

"इतक्या लवकर?" वारलू पुन्हा पेटला. "दोन घडी तं इचार करा लागते! म्हंजे हा पयलेच तयार होता काय?"

ट्रक दोरांनी ओढून मागे घेतला. सागाचे ओंडके रोज लोळवणाऱ्या गड्यांना तो धोंडा काय जड? त्यांनी तो उकरून वर मोहाखाली नेला आणि टवक्यावर शेंदूर भरला. आता फक्त ठोकळे राहिले. वारलू पाना हातात घेऊन बराच वेळ ट्रककडे पाहत उभा राहिला. इतक्या उंचावरून त्याने आयुष्यात कधी गाडी हाकली नव्हती. मग लांब गडगडलं. त्याने बोल्टांना शिव्या घालत एकेक ठोकळा उपटला, ट्रक मूळच्या उंचीवर उतरवला, आणि शेवटचा क्रॉस बसवला.

तो क्रॉस टिकला. घरघर गेली, दात वाजायचे थांबले, वाळूत चारही चाकं एकदिलाने ओढू लागली. शेवटचा ओंडका अलीकडे आला आणि मागे नाला भरून वाहू लागला.

बापूजी डेपोत छत्री घेऊन उभे होते. त्यांनी साग पाहिला, गाडीभोवती एक चक्कर मारली. "शाबास. गाडी नाई विकत. तुह्याकडेच राहीन." मग जरा मागे सरून, मान कलती करून म्हणाले, "पण वारलू, उंच होती तवा काय रुबाब होता रे! पुढच्या साली पुन्हा चढवून घेजो."

वारलू चिखलातच आडवा होऊन गाडीखाली शिरला. बाहेर नुसते पाय दिसत होते, आणि खालून पुष्कळ वेळ आवाज येत होता. त्यातला एकही शब्द बापूजींना उद्देशून नव्हता, असं तो अजूनही शपथेवर सांगतो.