मामाच्या गिटारीचं हळदकुंकू

सोल्डरिंगचा वास आला की मंगरूळपीरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आठवतं. सत्तरच्या दशकातलं. ऑर्केस्ट्रात वाजवणारा मामा वारल्यावर त्याची इलेक्ट्रिक बेस गिटार आईकडे आली आणि काही वर्षांत मुकी झाली.

आई ती घेऊन त्या दुकानात गेली. मिस्त्रीनं ती उघडली. आत सगळं गंजलेलं, वर हळदकुंकवाचे थर.

“कोणत्या सालची हाय, बाई? साल समजलं तर पार्ट पाहतो.”

“ते त्यालेच माईत. मी तं दर दसऱ्याले पाणी शिंपडून पूजा करतो.”

“पाण्यानंच गेली ना, बाई. आता नाई होत.”

पुढच्या दसऱ्याला आई गिटारीसमोर बसली. बोटं तांब्यात बुडवली आणि तशीच थांबली.

“शिंपड नं वं, माय,” मी घाई केली.

भावासाठी तिला करता येण्यासारखी तेवढी पूजाच उरली होती, हे मला तेव्हा कुठे कळत होतं?