राक्षस काल काय जेवला?

आमच्या घरात राक्षस तयार करायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडे होतं. ते तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. आम्ही बाकीचे फारच वाईट राक्षस करायचो, म्हणून ते तिच्याकडे गेलं आणि तिथेच राहिलं.

खेळाचं नाव 'डोंगर'. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं भाजीपाल्याचं आणि ज्वारीचं शेत होतं. त्यामुळे डोंगर कसा असतो हे आम्हाला कुणी सांगावं लागत नसे. उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर पाऊल टाकवत नसे, तेव्हा माजघरातल्या सारवलेल्या जमिनीवर ताई खडूनं वाट, नाला, खिंड आणि गुहा काढायची. मी मक्याचा दाणा, माझा चुलत भाऊ हरभऱ्याचा. ताई स्वतः डोंगर व्हायची. म्हणजे वाटेत काय दिसतं ते ती सांगणार, त्यावर आम्ही काय करतो ते आम्ही सांगणार, आणि आमचं जमलं की फसलं हे चिंचोके ठरवणार. फोडलेल्या दोन चिंचोक्यांचे चार तुकडे टाकायचे. निदान दोन पांढरे वर आले की जमलं.

तिचा विहिरी पिणारा राक्षस मला अजून आठवतो. तो दिसण्याआधी आम्हाला बेडूक दिसले होते, ओळीनं गाव सोडून चाललेले. मग एका विहिरीची बादली नुसता चिखल घेऊन वर आली. मग पायाचे ठसे, खोल आणि ओले, आणि शेवटी तो. त्याला मारायला आमच्याजवळ काहीच नव्हतं. पण त्याला तहान आवरत नाही हे एव्हाना आम्हाला कळलं होतं, म्हणून आम्ही त्याला खाली खारपाणपट्ट्यातल्या विहिरीवर नेलं. खारं पाणी प्यायला, तहान आणखी वाढली, आणखी प्यायला, आणि तिथेच बसला. माझ्या मते तो अजून तिथेच असावा.

हे तिला कुठून सुचायचं ते उघड होतं. रानडुकरं पिकात शिरली की सकाळी बाबा आम्हा पोरांपैकी कुणाला तरी बांधावर न्यायचे आणि माग दाखवून विचारायचे, "किती होते? कुठून शिरले? काय खाल्लं, काय सोडलं?" जनावर कुणीच पाहिलेलं नसे; पण त्याचं अर्धं चरित्र तिथे मातीत लिहिलेलं असे. ताईचे राक्षससुद्धा आधी माग सोडायचे आणि मग दिसायचे.

त्या उन्हाळ्यात ताई मॅट्रिक झाली होती आणि तिला बुलढाण्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं. फॉर्म आणलेला होता. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. ते मामाची वाट पाहत होते. मामा शाळाखात्यात डिप्टी होता, शाळा तपासणारा साहेब. राज्यांच्या फेररचनेत चार वर्षांत आमचा जिल्हा जागेवरून न हलता तीन राज्यांत राहून आला होता, पण डिप्टीचा दरारा तिन्ही राज्यांत सारखाच राहिला. मामा आला की शाळा झाडल्या जात, आणि आमच्या घरीही झाडू जरा जास्त वेळ फिरे. एक वर्ष तो पुण्याला राहून आला होता आणि तिथली भाषा इस्त्री करून घेऊन आला होता. अखेर तो एका दिवसापुरता आला; दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तो बुलढाण्याला परतणार होता. फॉर्म गेला तर त्याच्याच हाती जाणार होता. नाही गेला, तर ताईसाठी आलेलं एक स्थळ बाबांच्या मनात होतंच.

आला त्या सकाळीच मामानं ताईची तपासणी घेतली. नद्या विचारल्या, पर्वत विचारले, त्रैराशिक घातलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं, पण जमिनीकडे पाहून आणि वऱ्हाडीत.

"दाजी, मुलीला बुद्धी आहे," मामा बाबांना म्हणाला, "वाणी नाही. ही वर्गात उभी राहिली तर मुलं हसतील."

"तुमी म्हनान तसं," बाबा म्हणाले.

माय भाकरी थापत होती. त्या दिवशी भाकरीचा आवाज जरा मोठा येत होता.

दुपारी झोप काढून मामा माजघरात आला तेव्हा आमचा डोंगर मांडलेला होता. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला आणि म्हणाला, "नकाशाला प्रमाण नाही." मग धोतर सावरून खालीच बसला. "सरक पोरी. आज मी होतो डोंगर."

ताई सरकून आमच्या बाजूला आली आणि भुईमुगाचा दाणा झाली.

मामानं सुरुवात थाटात केली. हिरवेगार गवत वाऱ्यावर डोलत होते. निर्झर खळाळत होते. पक्षी मंजुळ गात होते. हे संपेना, तेव्हा चुलत भाऊ म्हणाला, "मामा, आमी गुहेत चाल्लो." आम्ही गुहेत गेलो आणि मामाचा राक्षस उभा राहिला. त्याला सात डोकी होती. प्रत्येक डोक्याला तीन डोळे. अंगावर लोखंडाचे खवले, सातही तोंडांतून ज्वाळा, शेपटीत विष. आम्ही चिंचोके टाकले. चारही पांढरे पडले; इतकं चांगलं दान त्या उन्हाळ्यात कुणाचं पडलं नव्हतं.

"काही उपयोग नाही," मामा म्हणाला. "तो अजिंक्य आहे. तुम्ही तिघेही भस्म झालात."

एवढं बोलून त्यानं आमच्याकडे पाहिलं. वर्गात कविता म्हणून झाल्यावर मुलं पाहतात तसं.

"मंग आता?" मी विचारलं.

"आता काय? संपलं."

चुलत भाऊ मला हळूच म्हणाला, "एवढं तं रानडुक्कर बी करत नाही वं."

ताई नकाशाकडेच पाहत होती. तिनं विचारलं, "मामा, हा खाते काय?"

"माणसं खातो. राक्षस आहे तो."

"आमी तं आज आलो. काल काय खाल्लं त्यानं?"

मामा हसला. "अगं, खाल्लं असेल कुणाला तरी."

"मंग हाडकं कुठी हायत? सात तोंडं हायत त्याले. वाटेवर एक बी हाडूक नाही दिसलं." तिनं खडूच्या वाटेवरून बोट फिरवलं. "लोखंडाचे खवले हायत, तं गुहेच्या दगडावर ओरखडे पायजे. पक्षी गाऊन राह्यले होते, तुमीच सांगतलं. असा जीव जवळ असल्यावर पक्षी गाते काय? आन् आग ओकते, तं गवत हिरवं काऊन?"

"अवं, राक्षस हाय तो!" मामा ओरडला. पुण्याची इस्त्री एका वाक्यात उतरली. त्यानं ती लगेच परत चढवली. "राक्षस म्हटला की तो भयंकर असणारच. त्याला हिशेब कशाला?"

"भयंकर नाही ना वाटत, मामा. एकच डोकं ठिवा, चालते. पण त्याले काय पायजे ते ठरवा. याले काहीच नाही पायजे. हा नुसता बसून हाय, कोणी आलं का मारायले."

मामाच्या तपासण्यांविषयी जिल्ह्यातले मास्तर साधारण हेच म्हणत असत, पण त्याच्या तोंडावर नव्हे.

"म्हणजे तुम्हाला हरायचं नव्हतं," मामा म्हणाला. "रडीचा डाव."

"नाही जी. पोरं हरली तरी चालते." आता तिनं मान वर केली होती, सकाळी ती एकदाही वर झाली नव्हती. "पण काऊन हरली हे त्याइले समजलं पायजे. नाही तं उद्या कायले खेळतीन? आमाले चार पांढरे पडले, तरी मेलो. मंग चिंचोके टाकाचेच कायले?"

बाहेर ओसरीवर बाबा अंबाडीचा दोर वळत बसले होते; तो आवाज मघाशीच थांबला होता. हे आम्हाला तेव्हा कळलं, बाबा दारात येऊन उभे राहिले तेव्हा.

"फॉर्म कुठी ठेवला वं?" त्यांनी मायला विचारलं.

"दाजी," मामा म्हणाला, "सकाळी मी जे बोललो..."

"ते बी आयकलं, हे बी आयकलं."

मायनं फॉर्म मामापुढे आणून ठेवला. मग त्यानं खिशातून पेन काढलं. माझ्या मामाविषयी मी बरंच वाईट बोलले आहे, म्हणून हेही सांगते: तो फॉर्म त्यानं स्वतः भरला. सुरेख अक्षरात, एकही खाडाखोड न करता. शिफारशीच्या जागी काय लिहिलं ते त्यानं कुणाला वाचून दाखवलं नाही. फक्त सही झाल्यावर ताईला म्हणाला, "गवत वाळलेलं धरलं तर?"

"धरा. पण मंग पक्षी काढा," ताई म्हणाली.

ती ट्रेनिंगला गेल्यावर डोंगर व्हायची पाळी माझ्यावर आली. मी माझे राक्षस तिला पत्रानं कळवायचे आणि ती कार्डावर उत्तर द्यायची. 'तुझा अजगर आळशी आहे. त्याला गुहेबाहेर काही तरी काम दे.' 'तीन पायांचा चालेल, पण मग ठसे तीनचे दाखव, तू चारचे दाखवलेस.' लेखी भाषा तिची आता मामासारखी झाली होती. तपासणी मात्र तिचीच होती.

ती कार्डं मला सगळ्यात शेवटी मिळायची. पोस्टमनकडून ती बाबा घ्यायचे, खिशात ठेवायचे, आणि बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसून ओळखीच्या माणसाला काढून दाखवायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. एकदा गिऱ्हाइकानं कार्ड वाचलं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "बुवा, हे तं अजगराचं हाय. पोरगी काय शिकून राह्यली तिथी?"

"मास्तरकी," बाबा म्हणाले, आणि त्याला एक वांगं जास्त घातलं.