व्हिनेगरचा वास आणि आयोवाच्या मालगाड्या

ती केस आठवली की आधी वास आठवतो, माणसं नंतर. पोलिसातल्या नोकरीत मी खून पाहिले, सुरामारी पाहिली, ड्रग्जवाल्यांच्या मागावर गाडीत बसून पाय बधिर करून घेतले. त्यातलं बरंचसं आता धूसर झालंय. पण इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका साध्या सेमी-डिटॅच्ड जोडघरातून हरवलेले फिल्मचे डबे काही केल्या डोक्यातून जात नाहीत. तेव्हा निवृत्ती तोंडावर आली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि लोकांच्या घरगुती भानगडीत पडायची इच्छा माझ्यात राहिली नव्हती. बहुधा म्हणूनच ती फाइल नेमकी माझ्या टेबलावर आली.

नाव कोणाचंच सांगत नाही. त्या घरातल्या बाईंना मी काकू म्हणायचो, इथेही काकूच म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मूळचे नागपूरचे. तरुणपणी अमेरिकेत आयोवाला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि तिथल्याच एका छोट्या रेल्वे कंपनीत लागले. लग्नानंतर काकूही काही वर्षं तिथे होत्या. मक्याच्या शेतांमधून धान्य आणि कोळसा वाहून नेणारी ती लाइन होती. पुढे कंपनी बुडाली, रूळ उखडले गेले, आज तिथे नांगरलेली शेतं आहेत. काका इंग्लंडला आले ते त्या मालगाड्यांच्या फिल्मचे गोल पत्र्याचे डबे सोबत घेऊनच. दर हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये रेल्वेवेड्यांच्या मंडळासमोर ते प्रोजेक्टर लावायचे. आवाज नसलेली फिल्म, बर्फातून येणारं इंजिन, मागे संपता न संपणाऱ्या, मालाने भरलेल्या वाघिणी. त्या लाइनचं असं चित्रण दुसऱ्या कोणाकडे नाही, असं मंडळातले लोक सांगत. हॉलमध्ये काकांना फार मान होता.

काका वारले. एकुलता एक मुलगा लंडनच्या बाजूला स्टॅनमोरला, फायनान्समध्ये. त्याने आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं, आणि फिल्म आयोवातल्या एका लहानशा रेल्वे म्युझियमला वडिलांच्या नावाने द्यायचं कबूल केलं. डबे न्यायला आला तर वरच्या मजल्यावरचं कपाट रिकामं. आईला विचारलं तर ती म्हणाली, मला काय माहीत. त्याच सुमारास ब्रिस्टलहून मंडळाच्या एका जुन्या सभासदाचा त्याला फोन आला. त्यातली एक फिल्म इंटरनेटवर दिसत होती, आणि ज्या खात्यावरून ती टाकली होती ते खातं निघालं घरातल्या भाडेकरूचं.

हा भाडेकरू पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर आलेला. मागच्या बेडरूममध्ये राहायचा. काकांना शेवटी शेवटी प्रोजेक्टर उचलवत नसे, तेव्हा हाच उचलून द्यायचा. बायको आणि लहान मुलगी पुण्याला होती, त्यांची इकडची तिकिटं काढून झाली होती.

मुलगा स्टेशनवर आला तो निकाल लावूनच. "माझा डॅडचा सगळा फिल्म्स त्यानी चोरला," तो मला म्हणाला. "इट्स ऑब्व्हियस, नाही का?" त्याने भाडेकरूच्या कंपनीला कळवलं होतं आणि वर खासदारालाही ईमेल टाकली होती. एरवी आमच्याकडे घरफोडी झाली तरी क्राइम नंबर हातात देऊन आम्ही मोकळे होत असू. पण खासदाराचं पत्र आलं की वरिष्ठांना एकाएकी जुन्या फिल्मची गोडी लागते. कुटुंब मराठी, मीही मराठी, तेव्हा माझंच काम, असं ठरलं. माझ्या भाषेने मला या नोकरीत बढती कधी दिली नाही, जादा काम मात्र भरपूर दिलं.

काकूंच्या संमतीने सगळ्या घराची झडती झाली. मी त्या दिवशी कोर्टात साक्षीसाठी अडकलो होतो, म्हणून माझी कॉन्स्टेबल आणि तिचा जोडीदार गेले. बूट दाराशी काढून, अदबीने, त्यांनी लॉफ्ट, गॅरेज, शेड सगळं बघितलं. भाडेकरूच्या लॅपटॉपवर ती एकच फिल्म होती, प्रोजेक्टरने भिंतीवर पाडून मोबाइलने घेतलेली. डबे कुठेच नव्हते.

त्याला मी अटक केली नाही. बोलायची सक्ती नाही अशी रीतसर ताकीद देऊन, वकील शेजारी बसवून, त्याच्या राजीखुशीने जबाब घेतला. खोटं बोलणारा माणूस सहसा भरपूर बोलतो. तुम्ही विचारलेलं नसतं तेही सांगतो, तुमच्या तोंडाकडे बघत सांगतो. हा मात्र समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत मोजकं बोलत होता. कंपनीने त्याला कामावरून तात्पुरतं दूर केलं होतं. गुन्हा दाखल झाला तर स्पॉन्सरशिप जाणार, म्हणजे व्हिसा गेलाच. बायकोला त्याने तिकिटं रद्द करायला सांगितलं होतं, कारण मात्र दुसरंच दिलं होतं.

"सर, अपलोड मी केलं," तो म्हणाला. "परमिशन घेऊन केलं. कोणाची, ते मी सांगणार नाही. डबे माझ्याकडे नाहीत."

कोणाला पाठीशी घालून स्वतःचं नुकसान करून घेऊ नकोस, असं मी त्याला बजावलं. वकिलानेही कोपराने ढोसलं.

"शब्द दिलाय, सर. आणि प्लीज, घरी यातलं काही बोलू नका. काकूंना वाटतंय मी वर्क फ्रॉम होम करतोय."

टेप बंद केली तेव्हा मला त्याचा राग आला होता. व्हिसा पणाला लावून दिलेला शब्द पाळणारी माणसं पोलिसांना फार जड जातात. चोर परवडतो, त्याच्याशी सौदा तरी करता येतो.

कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी कॉन्स्टेबलला झडतीबद्दल पुन्हा विचारलं. घरात काय सापडलं हे रिपोर्टमध्ये असतंच. घरात गेल्यावर कसं वाटलं, हे मी नेहमी तोंडी विचारतो. ती म्हणाली, घर नीटनेटकं होतं, बाई चांगल्या होत्या, फक्त पुढच्या खोलीत तळलेले मासे-चिप्स विकणाऱ्या चिप शॉपसारखा व्हिनेगरचा वास येत होता. भारतीय घर आहे, लोणची घालत असतील, असं समजून तिने ते सोडून दिलं होतं.

मी कप खाली ठेवला. इंग्रजांचं लोणचं म्हणजे व्हिनेगरमध्ये बुडवलेला कांदा. आमच्या घरात कैरीचं लोणचं घालतात ते मोहरी, हिंग आणि वर बोटभर तेल ओतून. माझी आई व्हिनेगरची बाटली आणायची ती खिडक्या पुसायला. नागपूरच्या ऐंशीच्या बाईंच्या बैठकीत चिप शॉपचा वास यायचं काही कारण नव्हतं. तेवढ्यात ब्रिस्टलच्या त्या सभासदाचं बोलणं आठवलं. फोनवर तो मला तासभर पिडत होता, आणि त्यातच कुठेतरी म्हणाला होता की जुनी फिल्म नासायला लागली की तिला व्हिनेगरचा वास सुटतो, म्हणून ती थंड जागी ठेवावी.

वास खोलीत नेमका कुठे होता, असं मी विचारलं. त्या छोट्या देवळापाशी, ती म्हणाली, पण त्याला आम्ही हात लावला नाही. लोकांच्या पूजेच्या जागेला गरज नसताना शिवायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. तिचं काही चुकलं नव्हतं. ट्रेनिंगमध्ये ते सांगणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

डबे कुठे असावेत हे कळलं, पण कोणी ठेवले आणि का, हे कळलं नव्हतं. तशा अर्धवट माहितीवर एका म्हाताऱ्या बाईंचा देव्हारा हलवणं मला नको होतं. म्हणून इंटरनेटवरची ती फिल्म लावून बसलो. पहिल्या खेपेला मालगाडी दिसली. दुसऱ्या खेपेलाही मालगाडीच दिसली. तिसऱ्या खेपेला मी गाडीकडे बघणं सोडून दिलं. शेवटी गार्डचा डबा येतो, त्याच्या मागच्या कठड्याशी टोपी घातलेला एक किडकिडीत भारतीय तरुण उभा आहे आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवतोय. ते काका होते, घरातल्या फोटोतले. गाडी निघून जाते. ऊन पाठीमागून येतंय, त्यामुळे चित्रण करणाऱ्याची सावली समोर बर्फावर पडली आहे. लांब ओव्हरकोट, आणि त्याच्या खाली वाऱ्यावर फडफडणाऱ्या साडीच्या निऱ्या.

फिल्मखाली लोकांच्या कमेंट्सचा ढीग होता. इंजिन कुठल्या बनावटीचं, वाघिणीवरचा रंग कुठल्या साली बदलला, मागचं धान्याचं कोठार कोणाचं, यावर हमरीतुमरी चालली होती. सावलीबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

मी एकटाच काकूंकडे गेलो. बूट काढले, देवाला नमस्कार केला. देव्हारा एका बुटक्या कपाटावर होता, शेजारी खोली गरम ठेवणारा रेडिएटर तापलेला, उदबत्तीच्या आडून आंबट वास येत होता. काकूंनी चहा केला. मी कपाटाचं नावही काढलं नाही.

"काकू," मी म्हणालो, "काका गाडीवर उभे होते, तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात होता?"

त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "तुम्हाला त्याने सांगितलं?"

त्याने काहीच सांगितलं नाही, मी म्हणालो, आणि म्हणूनच त्याची नोकरी आणि व्हिसा जायची वेळ आली आहे, बायको-मुलीचं येणं रद्द झालंय. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. म्युझियमसाठी पोलीस चौकशी करताहेत, एवढंच मुलाने सांगितलं होतं. काकूंचा हात पदराकडे गेला, पण त्या रडल्या नाहीत.

"लग्न होऊन तिकडे गेले तेव्हा मला इंग्रजी बोलता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "शेजार म्हणजे मका. ह्यांनी कॅमेरा घेतला खरा, पण ड्यूटी ह्यांचीच गाडीवर, मग काढणार कोण? मी फाटकापाशी जाऊन उभी राहायचे. सगळ्या फिल्म मी काढल्यात, एकूण एक. इथे पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा कोणीतरी ह्यांना म्हणालं, काय सुंदर काढल्यात तुम्ही. हे थँक यू म्हणाले. मी मागे चहा ओतत होते. एकदा थँक यू म्हटल्यावर माणूस ते परत कसं घेणार? मग दरवर्षी तेच."

काकांनी घरी कधी नाकारलं नव्हतं, पण हॉलमध्ये कधी सांगितलंही नव्हतं. आता म्युझियममध्ये त्यांच्या नावाची पाटी लागणार होती. मुलाला सांगावं तर बाप खोटा ठरतो, न सांगावं तर आपण कायमच्या पुसल्या जातो. काही सुचेना, तेव्हा काकूंनी डबे देवाच्या खाली नेऊन ठेवले. भाडेकरूला मात्र एकदा बोलून गेल्या होत्या, आणि एक फिल्म त्यांनीच त्याला टाकायला सांगितली होती.

"सावली दिसते त्यात. म्हटलं, एवढी माणसं बघतील, कोणीतरी विचारेल. रोज त्याला विचारायचे, आलं का काही? तुम्हीच पहिले."

मग त्या जमिनीवर बसल्या आणि कपाटाचं दार उघडून एकेक डबा माझ्या हातात देऊ लागल्या. मुलाला लगेच बोलवा, म्हणाल्या, आणि आधी त्या बिचाऱ्याच्या ऑफिसात कळवायला सांगा.

मुलगा संध्याकाळी आला. काकूंनी त्याला माझ्यादेखत सगळं सांगितलं, आवाज न चढवता. त्याने वाद घातला नाही. माझ्या मोबाइलवर ती सावली त्याने पुन्हा पुन्हा पाहिली. "मम्मी, हा तू आहे?" एवढंच म्हणाला. मग बाहेर जाऊन त्याने भाडेकरूच्या कंपनीला फोन केला, दुसऱ्या दिवशी लेखी माफीही पाठवली. काकांच्या पश्चात डबे काकूंच्याच मालकीचे होते, आणि आपलीच वस्तू आपण चोरू शकत नाही. मी फाइलवर गुन्हा घडलेला नाही असा शेरा मारला. खासदाराला काय उत्तर गेलं ते मला माहीत नाही.

भाडेकरूला कामावर परत घेतलं. त्याची बायको आणि मुलगी आली, पण उशिरा, आणि ती मंडळी पुढे ब्रिस्टलला राहायला गेली. ज्या घरात पोलिसांनी आपलं कपाट उपसलं त्या घरात मुलीला आणावंसं त्याला वाटलं नाही. मी त्याला दोष देत नाही. निर्दोष सुटलेल्या माणसाचंही काहीतरी आमच्याकडे राहून जातं, ते परत करायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. नोकरीच्या शेवटी माझा थकवा या असल्या गोष्टींचाच होता.

त्या केसने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. आम्ही पोलीस आयुष्यभर चित्रात कोण दिसतंय ते शोधतो. ओळख परेड, सीसीटीव्ही, फोटो, सगळीकडे चेहरा शोधायचा. चित्र काढणाराही तिथे हजर होता, हे मला निवृत्तीच्या उंबऱ्यावर एका मालगाडीने दाखवलं. आणि माणसं चोरीचा माल जितकं जिवापाड लपवत नाहीत तितकं आपलं दुखणं लपवतात, हेही.

डबे म्युझियमला जाण्याआधी मंडळाने हॉलमध्ये शेवटचा खेळ ठेवला. काकूंनी मलाही बोलावलं. त्या पहिल्या रांगेत ओव्हरकोट घालून बसल्या होत्या, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मी. चहा त्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी ओतला. फिल्म कोणी काढल्या ते चिटणीसांनी आधीच सांगितलं. हॉलमध्ये जरा चुळबुळ झाली, मग दिवे गेले. गाड्या आल्या, गेल्या. दिवे लागल्यावर नेहमीचे प्रश्न सुरू झाले, इंजिनाचे, वाघिणींचे, आणि त्यांची उत्तरं लोक आपापसातच देत होते. मग मागच्या रांगेतली एक वयस्क इंग्रज बाई उठली आणि तिने थेट काकूंना विचारलं, त्या बर्फात तुम्ही इतका वेळ एकट्या उभ्या राहायचात, तुम्हाला थंडी वाजत नव्हती का?

"व्हेरी कोल्ड," काकू म्हणाल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीवर एकमेकांत घट्ट धरले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "विचारलं बघा कोणीतरी."